मामा, श्वास चुकतोय

२ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, म्हणून लिहायला घेतलं. ज्याचं सगळं आयुष्य गळ्यावर चाललं त्याला तोंड बंद ठेवायला सांगायचं, वर ‘कुजबुजणं तर त्याहून वाईट’ म्हणून दटावायचं! घशात नळी घालून ते बराच वेळ ‘हं, हं’ करत होते. मग हिला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. परत आली तेव्हा हिचं तोंड उतरलं होतं. मी पाटीवर लिहून विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, ‘काही नाही हो, सूज आहे. विश्रांती हवी.’ सुजेसाठी एवढं तोंड पाडायचं काही कारण नव्हतं, पण ही पहिल्यापासून हळवी.

नशीब, गाणं आधीच रेकॉर्ड करून झालंय. रेकॉर्डिस्टने मला दिवसभर तुकड्यातुकड्यांत गायला लावलं. शेवटी हेडफोन काढून म्हणाला, ‘बस काका, झालं. बाकीचं मी बघतो.’ नावडतं जेवण जेवलेला पाहुणा ‘छान होतं हो’ म्हणतो ना, तसा त्याचा चेहरा होता. दमला असेल बिचारा.

आता उरला व्हिडिओ. तो माझी भाची करणार आहे, बहिणीची मुलगी. तिचा धंदाच तो. तिथे मला गायचं नाहीये, नुसते ओठ हलवायचे आहेत, त्यामुळे घशाची अडचण नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: ही शेवटची संधी आहे. लोकांना माझं एक गाणं आठवतं, पण ते मी गायलं होतं हे आठवत नाही. हे नवं चाललं तर मी गायक. नाही चाललं तर जिन्यात भेटणारे एक गृहस्थ.

५ फेब्रुवारी

गाणं तयार होऊन आलं. भाचीने स्पीकर टेबलावर ठेवला. ही ओट्यापाशीच उभी राहिली, हातात फडकं तसंच.

काय सांगू! ‘दार लावून घेऊ नकोस, मी वाटेत आहे अजून.’ शब्द मित्राचे, चाल माझी, पण आवाज असा लागलाय की माझा मलाच ओळखू येईना. अंतऱ्यातला वरचा सा रेकॉर्डिंगच्या दिवशी हातातून निसटत होता असं मला वाटत होतं. इथे तर तो खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. माणसाला स्वतःची ताकद कळत नाही हेच खरं. भाची म्हणाली, ‘मामा, यंत्रावर थोडी सफाई करतात.’ सफाई करायला आधी घर लागतं, पोरी. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वा! असं गाणारा आज कोण आहे?’

ते वाचून ही रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या गाण्याला ही कधी रडलेली नाही. उलट मी आलाप घेतला की हिला कुकर आठवायचा. भाचीसुद्धा खिडकीबाहेर बघत बसली. घरच्या दोन माणसांची ही गत, तर बाहेर काय होईल?

एक गोष्ट मात्र खटकली. ‘अजून’च्या आधी एक बारीक श्वास ऐकू येतो, गरम चहाचा घोट घ्यावा तसा. ही सवय माझी नाही, चिरंजीवांची आहे. लहानपणापासून सांगून थकलो. ते त्याच रेकॉर्डिस्टकडे साबणाच्या जाहिराती गातात. संगतीचा परिणाम माणसांवर होतो हे माहीत होतं, यंत्रांवरही होतो हे आज कळलं.

९ फेब्रुवारी

चिरंजीव येऊन गेले. ते दुसरीकडे राहतात आणि आमचं बोलणं आईमार्फत चालतं. त्यांच्या एका जाहिरातीवर मी चार लोकांत ‘फेस भरपूर आहे, सुराचं बघा’ म्हणालो, तेव्हापासून. विनोद होता. सगळे हसले होते. विनोदावर रागावणाऱ्या माणसाचं काय करायचं?

मी समोर बसलेलो असताना आईला विचारतात, ‘त्यांना कसं वाटलं गाणं?’ ही म्हणाली, ‘असं गाणारा आज कोण आहे, म्हणाले.’ चिरंजीवांनी पाणी मागितलं आणि ग्लास न पिता तसाच धरून गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत. बापाचं कौतुक मुलांना पचायला जड जातं.

दुपारी भाचीने व्हिडिओ समजावून सांगितला. त्यात म्हणे दोन भाग असतात. एकात मी गाणार, त्याला परफॉर्मन्स म्हणायचं. दुसऱ्यात एक तरुण आणि एक तरुणी भेटणार, रुसणार, वेगवेगळ्या खिडक्यांशी उभं राहून बाहेर बघणार, ती स्टोरी. मी पाटीवर विचारलं, ‘ही दोघं माझ्या गाण्यात काय करतायत?’

‘मामा, स्टोरी लागते.’

‘मी त्यांना कधी भेटतो?’

‘नाही भेटत. तुम्ही नुसतं गाता.’

‘मग त्यांना ऐकू कुठून येतं?’

ती म्हणाली, ‘असले प्रश्न बघणाऱ्याला पडू नयेत म्हणून तर दर तीन सेकंदांनी शॉट बदलायचा.’ शिवाय सगळं चित्र निळसर करणार आहे. उदास गाणं निळं, सुखाचं गाणं पिवळं, असा दंडक आहे. मला वाटायचं, उदासी सुरात असते. पण भाची हुशार आहे आणि या क्षेत्रात तिचं नाव आहे, तेव्हा मी पाटी पुसली.

१२ फेब्रुवारी

चित्रीकरणाचा पहिला दिवस. एक रिकामं गोदाम. मधोमध खुर्ची, मागे पांढरे पडदे, बाजूला धूर सोडणारं यंत्र आणि एक दांडगा पंखा. धूर कशाला? मूडसाठी. पंखा कशाला? केस उडायला. माझ्या डोक्याकडे बघून कॅमेरामनने पंखा निमूटपणे पडद्याकडे वळवला. हा कॅमेरामन टोपी उलटी घालतो, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणतात. स्वभावाने गरीब आहे.

भाची ओरडली, ‘प्लेबॅक!’ भिंतीएवढ्या स्पीकरमधून माझा आवाज घुमला आणि मी ओठ हलवायला लागलो. मला वाटलं होतं, यात काय आहे? गाणं माझं, चाल माझी, शब्द तोंडपाठ. पहिलाच शॉट कट. ‘मामा, श्वास चुकतोय.’

‘म्हणजे?’ मी लिहिलं.

‘ओठ बरोबर आहेत. पण छाती एकीकडे आणि आवाज दुसरीकडे चाललाय. आवाज श्वास घेतो तेव्हा तुम्ही घेत नाही. नको तिथे घेता. पडद्यावर लगेच कळतं, माणूस गात नाहीये.’

पुन्हा. पुन्हा. पुन्हा. मी माझ्याच गाण्यात, माझ्याच श्वासाला चुकत होतो! ‘मी वाटेत’नंतर मला दम घ्यावा लागतो आणि स्पीकरमधला मी खुशाल पुढे निघून जातो. ‘अजून’च्या आधी तो घोटभर श्वास घेतो, तेव्हा माझी छाती भरलेली असते. टोपी हळूच म्हणाला, ‘क्लोज-अप टाळू या का? लांबून घेतो, धुरात. कळणार नाही.’ मग दिवसभर मी लांबून, पाठीमागून आणि धुरात गायलो. चेहऱ्यासाठी एवढी वर्षं थांबलो आणि माझ्याच व्हिडिओत माझी पाठ जास्त आहे.

१३ फेब्रुवारी

रेकॉर्डिस्टकडे जाऊन भांडलो. पाटीवर भांडणं अवघड. राग ऐन रंगात येतो आणि जागा संपते. लिहिलं, ‘तुम्ही कापाकापी करताना माझे श्वास हलवले आहेत. मी असा श्वास घेत नाही.’ पाटी पुसून पुढे लिहिलं, ‘मूळ रेकॉर्डिंग ऐकवा.’

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, ‘काका, मूळ... ते शोधावं लागेल. हार्ड डिस्क जरा बिघडलीये.’ मग मला चहा पाजला, माझ्या जुन्या गाण्याची तारीफ केली आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला. चुकलेला माणूस असाच वागतो. मी त्याला मनातून माफ केलं.

१६ फेब्रुवारी

आज स्लो मोशन. ही तर शुद्ध जादू आहे. पडद्यावर पडदे, धूर, मी, सगळं संथ हवं, पण ओठ मात्र गाण्याबरोबर हवेत. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, माणूस दुप्पट वेगाने ओठ हलवतो, आणि मग चित्र निम्म्यावर आणतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात स्पीकरमधून माझी उदास विनवणी उंदीर भांडल्यासारखी चिवचिवत बाहेर पडली. सगळं गोदाम हसलं. स्टोरीतली तरुणी तर खिडकी सोडून खाली बसली. मीही हसलो असतो, पण घसा.

गंमत म्हणजे इतक्या वेगात श्वास बघायला कोणाला सवडच नाही, म्हणून पहिल्याच खेपेला ओके! भाचीने मिठी मारली. पण लगेच गंभीर झाली. म्हणाली, ‘मामा, शेवटचं कडवं मला एका शॉटमध्ये हवंय. सगळ्या व्हिडिओत दर तीन सेकंदांनी तोडणार आणि शेवटी अजिबात नाही. धूर नाही, पंखा नाही, फक्त तुमचा चेहरा. सगळं त्यावरच आहे. तेवढं जमायला हवं.’

सरावासाठी तिने गाणं निम्म्या वेगाचं करून माझ्या फोनवर घातलं. ‘सावकाश ऐका,’ म्हणाली, ‘श्वास कुठे आहेत ते बघा.’ आणि मग एकदम, नको ते बोलून गेल्यासारखी गप्प झाली.

१७ फेब्रुवारी

आरशासमोर बसून निम्म्या वेगाने ऐकलं. दहा वेळा तरी ऐकलं असेल.

तो माझा आवाज नाही.

सावकाश केलं की सफाई निघून जाते आणि माणूस उरतो. ‘नकोस’वरचा तो किंचित अनुनासिक काठ. ‘अजून’च्या आधीचा चहाचा घोट. पाच वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून तो असाच श्वास घ्यायचा आणि मी टिचकी मारायचो.

न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडला आणि डॉक्टरांना न जुमानता ती ओळ गायलो. ‘मी वाटेत’पर्यंत खरखर तरी होती. पुढे तीही नव्हती, नुसती हवा. मी बादलीच्या काठावर बसून राहिलो. बाहेरून ही म्हणाली, ‘अहो, पाणी वाया जातंय.’

१८ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. सगळ्यांचा राग आला आहे. भाचीचा, रेकॉर्डिस्टचा, नळी घालणाऱ्याचा. सगळ्या गावाला माहीत आणि नवरदेवालाच पत्ता नाही, अशी गत. शेवटच्या शॉटला जाणार नाही. माझ्या तोंडातून दुसऱ्याचा गळा! आणि तोही कोणाचा!

संध्याकाळी पुन्हा ऐकलं. राग यावा म्हणून ऐकलं. वरचा सा आला आणि राग कुठे ठेवला होता तेच विसरलो. मला शरम वाटली आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकाच घरात राहायला आले आहेत आणि भाडेकरू मी आहे.

१९ फेब्रुवारी

ही भाजी निवडत होती. मी समोर जाऊन बसलो. पाटी घेतली नाही. म्हणालो, ‘त्या दिवशी ऐकताना रडलीस. कोणाच्या आवाजाला?’

मी बोललो म्हणून दचकली, की काय बोललो म्हणून, ते कळलं नाही. माझा आवाज तर बिजागऱ्या गेलेल्या दारासारखा. तिने सुरी खाली ठेवली.

‘आवाजाला नाही रडले,’ म्हणाली. ‘तुम्ही जन्मात पहिल्यांदा त्याला वाहवा दिलीत. तीही स्वतःची समजून. त्याला रडले.’

मी म्हणालो, ‘त्याला कोणी सांगितलं गायला?’

‘कोणी नाही. रेकॉर्डिस्टकडे तुमचं रेकॉर्डिंग त्याने ऐकलं. म्हणाला, हे असं बाहेर गेलं तर लोक हसतील. मला हसले तर चालेल, बाबांना हसलेलं नाही चालणार. मग तुमचा एकेक तुकडा ऐकून, तुम्ही जसं घेता तसंच घेऊन, आठ दिवस गात होता. तुमच्यासारखं व्हावं म्हणून.’

‘श्वास नाही झाला माझ्यासारखा,’ मी म्हणालो.

‘तेवढा त्याचा राहू दे की हो,’ ही म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

मला एवढंच कळत होतं की मला फार वाईट वाटतंय आणि हिच्यासमोर ते लपवायचं आता काही कारण उरलेलं नाही. नंतर हिने डॉक्टरांचंही सांगितलं. सूज वगैरे काही नाही. गळा गेला तो गेला. बोलता येईल, गाता यायचं नाही. मी विचारलं, ‘मग मला मौन कशाला?’ म्हणाली, ‘तुम्ही बोलला असता तर तुम्हालाच ऐकू आलं असतं.’

२१ फेब्रुवारी

गेलो.

ही डबा घेऊन बरोबर आली. गोदामाच्या दाराशी चिरंजीव उभे होते. हिनेच बोलावलं असणार. मला बघून त्यांनी मान घातली खाली आणि एका केबलकडे असं लक्ष दिलं, जशी काही ती त्यांच्या मालकीची आहे.

मी भाचीला बाजूला घेतलं आणि स्पष्ट आवाजात, म्हणजे जेवढा आहे तेवढ्यात, म्हणालो, ‘गायकाच्या जागी याचं नाव टाक.’

तिचा चेहरा पांढरा पडला. ‘मामा, तुम्हाला...’

‘निम्म्या वेगाचं करून तूच दिलंस. एवढी कशी गं वेंधळी?’

‘आणि तुमचं नाव?’

‘माझं तोंड दिसणार आहे की सबंध कडवंभर. आणखी नाव कशाला?’ मग वाटलं, फुकटचा उदारपणाही बरा नव्हे. म्हणालो, ‘चालीखाली टाक. चाल माझी आहे. ती कोणाच्या बापाची नाही.’

रेकॉर्डिस्ट हजर होता. तो माझ्याकडे न बघता प्लेबॅकची तयारी करत होता. तीन वेळा घेतलं आणि तीनही वेळा श्वास चुकला. आता तर मला कळत होतं की तो कोणाचा आहे, त्यामुळे जास्तच चुकला. स्पीकरला छाती नसते, बघणार कशाकडे?

मी म्हणालो, ‘ते बंद करा. याला कॅमेऱ्याच्या शेजारी उभं करा आणि गायला सांगा. मी याच्याकडे बघतो.’

भाची म्हणाली, ‘पण मामा, मग रेकॉर्डिंगशी जुळणार नाही, दादा पुढेमागे झाला तर...’ रेकॉर्डिस्ट म्हणाला, ‘त्याच्या कानात गाणं देतो. पुढेमागे होणार नाही. तो गायलाय तसाच गाईल.’ तो पहिल्यांदा ‘तो गायलाय’ म्हणाला.

चिरंजीव टोपीच्या खांद्याशी येऊन उभे राहिले. आमच्यात दोन हात अंतर असेल. एवढ्या जवळून मी त्याला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. कानशिलावर चार केस पिकलेत. त्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘माझ्याकडे काय बघतोस? गा.’

तो गायला. मी त्याच्या गळ्याकडे, छातीकडे बघत ओठ हलवले. वरच्या ‘सा’ला त्याची मान जरा डावीकडे जाते, माझीही गेली. ‘मी वाटेत आहे’ झालं. त्याने घोट घेतला. मी घेतला. ‘अजून.’

‘कट!’ भाची किंचाळली. ‘ओके! एकदम ओके!’ टोपीने टोपी काढून डोळे पुसले. ही डब्याच्या पिशवीत काहीतरी शोधत होती, जे त्यात नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. चिरंजीव मात्र जागचे हलले नाहीत. कपाळाला आठी. मला ती आठी ओळखीची आहे, ती माझीच आहे.

‘आई,’ तो म्हणाला, ‘त्यांना सांग, ‘जू’ला ओठांचा चंबू उशिरा होतोय.’

ही ताडकन म्हणाली, ‘तूच सांग. मी काय दुभाषी आहे?’

तो माझ्याकडे वळला. ‘बाबा, ‘जू’ला उशीर होतोय. श्वास घेऊन तुम्ही क्षणभर थांबता. थांबू नका, लगेच या.’

भाची म्हणाली, ‘दादा, अरे कोणाला कळणार आहे? झालं की!’

मी तिला हाताने गप्प केलं. म्हणालो, ‘परत घेऊ.’

परत घेतलं. तो म्हणाला, ‘अजून थोडं.’ परत घेतलं. तिसऱ्या खेपेला त्याने कानातला इअरफोन काढला आणि म्हणाला, ‘जमलं.’ मला इतका आनंद झाला की मी टाळीसाठी हात पुढे केला आणि कॅमेऱ्यालाच धडकलो.